एकवीस खणांचा कुळवृत्तांत

टाटा स्टीलच्या वार्षिक अहवालावर किंवा सभेच्या नोटिशीवर कुठेतरी बारीक ठशात एक ओळ असते : एल२७१००एमएच१९०७पीएलसी०००२६०. हा तिचा सीआयएन, म्हणजे कंपनी ओळख क्रमांक. भागधारक लाभांशाचा आकडा शोधत असतो, त्यामुळे ही ओळ वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. मी मात्र तिच्यापाशी थांबतो. इतका बोलका क्रमांक सरकारी दप्तरात माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

त्याला काही विचारावं लागत नाही. पहिलं अक्षर सांगतं की कंपनीचे शेअर बाजारात नोंदलेले आहेत; नसते तर तिथे ‘यू’ असता. पुढच्या पाच आकड्यांत धंदा, इथे लोखंड आणि पोलाद. मग राज्य, मग जन्मसाल, मग घडण : पीएलसी म्हणजे पब्लिक लिमिटेड. खासगी कंपनीला तिथे पीटीसी मिळतं, केंद्र सरकारच्या कंपनीला जीओआय. शेवटच्या सहा घरांत कंपनी निबंधकाच्या नोंदवहीतला अनुक्रम. दोनशे साठ. साकचीच्या माळरानावर भट्टी उभी राहण्याआधी मुंबईच्या नोंदवहीत हा आकडा पडला होता. एकवीस खणांची मांडणी अर्थातच पुष्कळ नंतरची, संगणकाच्या काळातली. पण ती करणाऱ्यांनी जुना आकडा टाकून दिला नाही. त्याच्या आधी तीन शून्यं लावली आणि त्याला सन्मानाने शेवटच्या घरात बसवलं. याबद्दल मला त्या अनाम कारकुनांचं ऋण वाटतं.

कुळवृत्तांत वाचायची सवय असलेल्या माणसाला सीआयएन लगेच कळेल. गाव, पिढी, व्यवसाय, शाखा, सगळं ओळीने. आणि कुळवृत्तांतासारखंच त्यातही दोन नोंदींमधलं अंतर वाचता यावं लागतं. रिलायन्स इंडस्ट्रीजचा क्रमांक घ्या : एल१७११०एमएच१९७३पीएलसी०१९७८६. धंद्याच्या घरात १७११०, म्हणजे सूत आणि कापड. आज ही कंपनी तेल शुद्ध करते, तिच्या छत्राखाली मोबाइलचं जाळं आणि किराण्याची दुकानं चालतात. क्रमांक अजून विमलच्या कापडाशी इमान राखून आहे. राज्य आणि साल शेजारी वाचलं तर वाटतं, १९७३ साली महाराष्ट्रात जन्म. तसं झालेलं नाही. ८ मे १९७३ रोजी ती कर्नाटकात मायनायलॉन लिमिटेड या नावाने नोंदली गेली. १९७७ मध्ये नाव रिलायन्स टेक्स्टाइल इंडस्ट्रीज झालं आणि नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात आलं. जन्मसाल तिने बरोबर आणलं, जन्मगाव मागे राहिलं. पण शेवटचा आकडा पाहा. घरकर्ज देणाऱ्या एचडीएफसी लिमिटेडची मुंबईत नोंदणी ऑक्टोबर १९७७ मधली, तिचा अनुक्रम ०१९९१६. रिलायन्सचा ०१९७८६. दोघींत फक्त एकशे तीस नोंदींचं अंतर. सालाचं घर १९७३ म्हणत असलं, तरी अनुक्रमाचं घर १९७७ सांगतं. कुठलीही फाईल न उघडता दोन ओळींतून एवढं स्थलांतर हाती लागतं.

म्हणूनच २०१३ च्या कंपनी कायद्याचं बारावं कलम मला महत्त्वाचं वाटतं. पत्रं, बिलं, नोटिसा, सगळ्यांवर हा क्रमांक छापलाच पाहिजे असं ते सांगतं. न छापल्यास दिवसाला हजार रुपये दंड, कमाल मर्यादा एक लाख. पैसे थकलेल्या छोट्या पुरवठादाराकडे बहुधा कंपनीचं एक पत्र आणि एक फोन नंबर एवढंच उरतं. पत्रावर सीआयएन असेल तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो पुरवठादार कंपनी जिवंत आहे की नाही, संचालक कोण, नोंदलेला पत्ता कुठला, हे पाहू शकतो.

बोलकेपणाची किंमत मात्र सीआयएनला मोजावी लागते. तो जे सांगतो त्यातलं बरंचसं बदललं की त्यालाही बदलावं लागतं. कंपनी शेअर बाजारात आली की ‘यू’चा ‘एल’ होतो, खासगीची पब्लिक झाली की पीटीसीचं पीएलसी होतं, राज्य बदललं की दुसऱ्या निबंधकाची नोंदवही. दहा वर्षांपूर्वीच्या करारावर एक ओळ आणि आजच्या बिलावर दुसरी, आणि कंपनी एकच. शिवाय टंकलेखनातली चूक पकडणारा पडताळणीचा आकडा त्याच्यात नाही.

सीमेपलीकडे तर त्याचं बोलणं कुणाला कळतच नाही. तिथल्या त्याच्या भावंडांचीही तीच गत. जर्मनीत कंपन्यांची नोंद स्थानिक न्यायालयांत होते. तिथल्या क्रमांकात एचआरबी या अक्षरांनंतर येणारा तोच आकडा म्युनिकच्या वहीतही असू शकतो आणि फ्रँकफुर्टच्याही, म्हणून न्यायालयाचं नाव जोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही. अमेरिकेत कंपनी नोंदते ती राज्यात, डेलावेअरची वही वेगळी आणि न्यूयॉर्कची वेगळी. हे सगळे क्रमांक आपापल्या अंगणात शहाणे.

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा हे अंगणापुरतं शहाणपण किती तोकडं आहे ते दिसलं. तिच्या शेकडो उपकंपन्या अनेक देशांत पसरलेल्या. बँकांना विचारलं जात होतं, तुमचे लेहमनकडे किती अडकलेत? उत्तर पटकन देता येईना, कारण त्यांच्या स्वतःच्याच संगणकांत एकच कंपनी वेगवेगळ्या नावांनी आणि क्रमांकांनी बसली होती. त्या गोंधळातून एलईआयचा, म्हणजे जगभर चालणाऱ्या संस्था ओळख क्रमांकाचा, जन्म झाला. जी-२० देशांनी मागणी केली, २०१२ मध्ये आयएसओ १७४४२ हे मानक आलं, आणि २०१४ मध्ये देखरेखीसाठी जीएलईआयएफ ही संस्था स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला स्थापन झाली. आपल्याकडे हा क्रमांक देण्याचं काम क्लिअरिंग कॉर्पोरेशनची एक उपकंपनी मुंबईतून करते.

एलईआयचा स्वभाव सीआयएनच्या अगदी उलट. वीस अक्षरं, आणि कंपनीबद्दल एक अक्षर बोलणार नाही. पहिली चार देणाऱ्या संस्थेची खूण, शेवटची दोन पडताळणीची, मधली निव्वळ निरर्थक, आणि मुद्दाम तशी ठेवलेली. काही सांगतच नाही, त्यामुळे काही बदलावंही लागत नाही. कंपनीने नाव, राज्य किंवा धंदा बदलला तरी तो तोच राहतो. पडताळणी मात्र चोख : प्रत्येक अक्षराला आकडा द्यायचा, ए म्हणजे १०, झेड म्हणजे ३५, सगळी ओळ एक लांबलचक संख्या समजून ९७ ने भागायची. बाकी १ उरली नाही, तर कुणाचं तरी बोट चुकीच्या कळीवर पडलंय.

१ एप्रिल २०२१ पासून आरटीजीएस किंवा एनईएफटीने पन्नास कोटी किंवा जास्त रक्कम पाठवायची तर पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही संस्थांचा एलईआय लागतो. ऑक्टोबर २०२२ पासून तेवढ्याच रकमेच्या परदेशी व्यवहारांनाही. कर्जदारांसाठी रिझर्व्ह बँकेने उंबरठा टप्प्याटप्प्याने पाच कोटींवर आणला. या उंबरठ्यावर महाराष्ट्रात एक वेगळीच मंडळी उभी राहिली : सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या, दूध संघ. यांना सीआयएन कधीच नव्हता. ते कंपनी नाहीत, सहकार कायद्याखाली नोंदलेल्या संस्था आहेत. आर्थिक जगाच्या याद्यांत गावाबाहेरच्या वीस हजार सभासदांच्या कारखान्याला स्वतःचं घर नसायचं. एलईआय त्याला मिळतो तो टाटा स्टीलला मिळतो तसाच, वीस अक्षरांचा. मालतारण कर्जाच्या नूतनीकरणासाठी बँकेने मागितला म्हणून चीफ अकाउंटंट कटकट समजून तो काढतो, पण मला ही दखल मोठी वाटते.

तरीही माझा कल सीआयएनकडे, आणि त्याचं कारण एलईआयच्या नोंदीतच सापडतं. ती नोंद उघडा, कुणालाही फुकट पाहता येते. नाव आणि पत्त्याबरोबर तिथे दोन रकाने दिसतात : कुठल्या नोंदणी प्राधिकाऱ्याकडे ही संस्था नोंदली आहे, आणि तिथला तिचा क्रमांक काय. भारतीय कंपनीसाठी त्या रकान्यात सीआयएन येतो. जगभर फिरणारा तो अबोल क्रमांक खरा की खोटा, हे तपासायला शेवटी स्थानिक वहीच उघडावी लागते. वही स्वच्छ नसेल तर वरच्या मजल्यावर काहीही स्वच्छ राहत नाही. २०१७ मध्ये आपल्या निबंधकांनी वर्षानुवर्षं विवरणपत्रं न भरणाऱ्या दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं पटावरून काढली. इतक्या कंपन्या तोवर सीआयएन मिरवत कागदावर उभ्या होत्या. ९७ चा भागाकार टंकनाची चूक पकडतो. पत्त्यावर कुणी बसतं का, ते त्याला कळत नाही. ते कळण्यासाठी निबंधकाच्या कार्यालयात पुरेशी माणसं हवीत, वेळेवर भरलेली विवरणपत्रं हवीत आणि ती वाचणारा कुणीतरी हवा.

१ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी लिमिटेड आपल्याच बँकेत विलीन झाली आणि एल७०१००एमएच१९७७पीएलसी०१९९१६ हा क्रमांक चालत्या कागदांवरून उतरला. अशा वेळी एलईआयच्या व्यवस्थेत एक चांगला रिवाज आहे : विलीन झालेल्या संस्थेचा क्रमांक निवृत्त होतो, दुसऱ्या कुणाला दिला जात नाही, आणि त्याच्या नोंदीत वारस संस्थेचा एलईआय लिहून ठेवता येतो. जुना करार हातात घेऊन आलेल्या माणसाला पुढचं दार सापडतं. सीआयएनलाही एवढं द्यायला हवं. राज्य बदललेल्या, विलीन झालेल्या प्रत्येक कंपनीच्या सार्वजनिक नोंदीत आधीचा आणि नंतरचा क्रमांक शेजारी शेजारी, कुणालाही पैसे न भरता दिसेल असा हवा. मग मायनायलॉन कर्नाटकातून कधी निघाली, हे एकशे तीस नोंदींच्या अंतरावरून ताडायची गरज पडणार नाही.