जीप ठरवण्याआधी

भात झोडून झालं, की चार घरं मिळून जीप ठरवतात. मंडळी, एका दिवसात दहा ठिकाणं उरकू नका. दोन दिवस काढा. पहिल्या दिवशी वसईचा किल्ला, चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेला. मग महामार्गाने चारोटी, जवळच महालक्ष्मी, मुक्काम डहाणूला. दुसऱ्या सकाळी घोलवडला चिकू घेऊन बोर्डीवरून तलासरीकडे निघा. वाटेत झरी गाव लागेल. गाडी थांबवाच. १९४५च्या मे महिन्यात इथे हजारो वारली जमले आणि जमीनदाराची वेठ करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. तीही आपल्यासारखीच शेतात राबणारी माणसं. मुलांना हे तिथेच सांगा. मग महामार्गाने मागे चारोटी, कासा, आणि मुकणे राजांचं जव्हार. वाट डोंगराची, वळणावळणांची. ऊन असतानाच पोहोचा. गाडी लागणाऱ्याला पुढे बसवा.