ह्यात काही नाही ना रे?

मे महिना उजाडला की बे एरियातल्या मराठी घरांतून एकच गडबड सुरू होते. कुणाची आई येणार असते, कुणाचे सासू-सासरे. विमानतळावरून घरी आणलं, जेट लॅग उतरला, गोल्डन गेट ब्रिजवर फोटो काढून झाले, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी खरा प्रश्न उभा राहतो: ह्यांना बाहेर जेवायला न्यायचं कुठे? "पुन्हा इडली-डोसाच खायचा तर सांगली काय वाईट होती?" असं आमच्या आईंनी १९९६ साली पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. तेव्हापासून आम्ही दोघं ह्या विषयातले जाणकार झालो आहोत. म्हणजे चुका भरपूर केल्या आहेत.

आई कट्टर शाकाहारी. अंडंही नाही. कुठल्याही हॉटेलात गेलो की त्या मेन्यूकार्ड बाजूला सारत आणि मुलाकडे वाकून हळूच विचारत, "ह्यात काही नाही ना रे?" ते 'काही' म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. मग मुलगा वेट्रेसला विचारणार, ती आत जाऊन येणार, आणि तोवर आई पदर सावरून, परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तशा बसणार. चाळीस वर्षं स्वतःच्या स्वयंपाकघरात राज्य केलेल्या बाईला घासाघासाला मुलाची परवानगी घ्यावी लागते, हे बघायला आम्हाला बरं वाटत नसे.

म्हणून आम्ही त्यांना 'फ्रेश चॉइस'मध्ये नेलं. जुन्या मंडळींना आठवत असेल. ट्रे घ्यायचा, लांबलचक सॅलड बारच्या कडेने सरकत जायचं, हवं ते वाढून घ्यायचं. "एवढे डॉलर मोजून पाला खायचा?" हा शेरा आला, पण पाच मिनिटांतच साडी, स्वेटर आणि पांढरे स्नीकर्स अशा वेशात आमच्या आई एकट्या रांगेत पुढे गेल्या होत्या. काकडी, बीट, मोड आलेलं कडधान्य, छोले, राजमा, सगळं डोळ्यांनी ओळखता येत होतं, कुणाला विचारायला नको. टेबलाशी आल्यावर त्यांनी पर्समधून स्टीलची डबी काढली. त्यात दाण्याचं कूट! ते भुरभुरलं, लिंबू पिळलं, आणि आमच्यापुढे बशी सरकवली, "घ्या, कोशिंबीर." त्या उन्हाळ्यात किती वेळा तिथे गेलो त्याला गणती नाही. २०१२ मध्ये 'फ्रेश चॉइस'ची सगळी दुकानं बंद झाली. त्याच धर्तीची 'स्वीट टोमॅटोज' २०२० च्या कोविडमध्ये गेली. आपल्या हाताने वाढून घ्यायचे चमचे त्या काळात सगळ्यांनाच धोक्याचे वाटू लागले होते.

आता आमच्या मोठ्या चुकीकडे येतो. त्याच उन्हाळ्यात एका रेस्टॉरंटात (नाव कशाला घ्या, चूक आमचीच) आईंना सीझर सॅलड फार आवडलं. "आंबट-खारट, छान चव आहे," म्हणून लागोपाठ तीन रविवार मागवलं. हिरवा पाला, वर तळलेल्या पावाचे तुकडे, चीज. त्यात काय असणार? आम्ही विचारलंसुद्धा नाही. मग एका बुधवारी वर्तमानपत्राच्या खाद्य-पानात सीझर ड्रेसिंगची कृती छापून आली. त्यात अँचोवी होती. अँचोवी म्हणजे खारवलेली बारीक मासळी.

त्या रात्री आमच्या घरात कुजबुजत भांडण झालं. एकाचं म्हणणं, कळलंच नाही तर पाप कसलं, उगाच त्यांचा जीव का कष्टवायचा? दुसऱ्याचं म्हणणं, त्या विश्वासाने आपल्याला विचारतात, मग लपवायचं कसं? तीन दिवस गप्प राहिलो. चौथ्या दिवशी "ह्या रविवारी ते सॅलड खायला जाऊ या का?" असं त्यांनीच विचारलं, आणि सांगावंच लागलं. आई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कडक उपास केला. संध्याकाळी चहा घेताना एवढंच म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारत होते. तुम्ही त्यांना विचारायला हवं होतं." आजही आठवलं की मान खाली जाते.

तेव्हापासून आम्ही विचारतो, आणि विचारून जे कळलं ते इथे देतो. सॅन फ्रान्सिस्कोचं स्वतःचं सॅलड ड्रेसिंग म्हणजे 'ग्रीन गॉडेस'. १९२३ साली इथल्या पॅलेस हॉटेलात जॉर्ज आर्लिस ह्या नटाच्या सन्मानार्थ ते केलं गेलं. तो ज्या नाटकात काम करत होता त्याचं नाव 'द ग्रीन गॉडेस', आणि नाटक घडतं हिमालयातल्या एका काल्पनिक संस्थानात! म्हणजे नावाला जरा आपल्याकडचा वास आहे, पण भुलू नका. मूळ कृतीत अँचोवी आहेच. वूस्टरशर सॉसमध्येही असते. जेलोमध्ये जिलेटिन. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट. किती सोवळं पाळायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण माहीत असलेलं बरं.

मिशन भागातला बरिटो पोट आणि खिसा दोन्ही राखतो. मात्र घेवड्यात डुकराची चरबी असू शकते आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. 'सिन मांतेका' म्हणजे चरबीविना, हे दोन स्पॅनिश शब्द पाठ करून ठेवा. काउंटरवरचा माणूस खूष होऊन ग्वाकामोलेचा डाव जरा मोठा टाकतो, असा आमचा अनुभव.

क्लेमेंट स्ट्रीटवर 'बर्मा सुपरस्टार' आहे. तिथलं चहाच्या पानांचं सॅलड टेबलावर आणून तुमच्यासमोर कालवतात. आंबवलेली चहाची पानं, तळलेली डाळ, शेंगदाणे, तीळ, तळलेला लसूण, टोमॅटो, वरून लिंबू. पहिला घास घेतल्यावर आमच्या मुलीनं विचारलं, "ही भेळ आहे का?" फार चुकीचं नाही ते. फक्त त्यात सुकी कोलंबी, म्हणजे आपले सोडे, घालायची पद्धत आहे. ती नको म्हणून आधीच सांगायचं. रांग लांब असते.

काही न विचारता निर्धास्त जेवायचं असेल तर फोर्ट मेसनचं 'ग्रीन्स'. सॅन फ्रान्सिस्को झेन सेंटरनं १९७९ मध्ये ते सुरू केलं, आणि तेही मांस नावालाही न ठेवता. भाजी त्यांच्या स्वतःच्या ग्रीन गल्च शेतावरून येई. एके काळी लष्कराच्या गोदीतल्या इमारतीत भल्यामोठ्या काचा, समोर पूल आणि शिडाच्या होड्या. खिशाला जड आहे, वाढदिवसाला ठेवा. चटपटीत हवं असेल तर बर्कलीत १९८९ पासूनचं 'विक्स चाट' आहेच, त्याबद्दल मराठी माणसाला काय सांगायचं!

आमचं सर्वांत लाडकं ठिकाणही बर्कलीतच, शॅटक ॲव्हेन्यूवर. 'चीज बोर्ड'. १९६७ सालचं चीजचं दुकान. १९७१ मध्ये मालकांनी ते कामगारांच्या हाती दिलं आणि सगळे कामगारच मालक झाले. त्यांच्या शेजारच्या पिझ्झाच्या दुकानात दिवसाला एकच प्रकारचा पिझ्झा मिळतो, आणि तो रोज शाकाहारी असतो. निवडायची कटकट नाही. सोबत सॅलड, आणि कोथिंबीर-मिरचीचा हिरवा सॉस, आपल्या चटणीची चुलत बहीणच. रोज उघडं नसतं, वार बघून जा.

२००९ साली आई शेवटच्या आल्या तेव्हा त्यांना तिथे घेऊन गेलो होतो. आत कुणीतरी पियानो वाजवत होतं. रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर 'इथे बसू नये' अशी पाटी, आणि त्या पाटीभोवतीच लोक गवतावर पिझ्झा खात बसलेले. आमचा नंबर आला. आम्ही तोंड उघडायच्या आत आई काठी टेकत पुढे झाल्या आणि काउंटरवरच्या मुलाला स्वतःच विचारलं, "नो फिश? नो मीट?" तेरा वर्षांपूर्वीच्या त्या उपासानंतर त्यांनी हेच इंग्रजी शिकून घेतलं होतं. तो म्हणाला, "नो मॅम, नेव्हर." आईंनी मान डोलावली आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "घ्या रे, काही नाही ह्यात."

नियम मोडून आम्ही सगळे त्या दुभाजकावर बसलो. दाण्याच्या कुटाची डबी त्या दिवशीही पर्समध्ये होती. पिझ्झ्यावर घालून बघितलं त्यांनी. हिरवा सॉसच बरा, म्हणाल्या.