केटली, द्राक्षे आणि लंडनचा सूर्यास्त

परदेशप्रवास ठरला की आपल्या घरांतून पहिला प्रश्न निघतो तो जेवणाचा, व्हिसाचा नंतर. आमच्या निफाडकडे या प्रश्नाला एक गमतीदार किनार आहे. तालुक्याचे अर्थकारण द्राक्ष आणि कांदा या दोन पिकांवर उभे. लासलगावची कांद्याची बाजारपेठ आशियात सर्वांत मोठी मानली जाते ती याच तालुक्यात. कांद्याच्या आडतीवर ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, अशा काही जैन घरांत आजही कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही. आमचे घर त्यांतलेच. म्हणून लंडनला शिकणाऱ्या मुलीला भेटायला मार्चअखेरीस जायचे ठरले, तेव्हा सासूबाईंनी आपली अट शांतपणे सांगितली: "कंदमूळ नाही, आणि सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. जमणार असेल तर मला न्या; माझ्यासाठी पोरीला खर्चात पाडू नका."

खर्चाचा प्रश्न खराच होता. हिवाळ्यातल्या अवकाळी पावसाने बाग झोडपली होती आणि मुलीच्या शुल्काचा हप्ता डोक्यावर होता. दहा दिवस उपाहारगृहांत जेवणे आम्हांला झेपणारे नव्हते.

सामान भरताना पहिली कात्री लागली ती तुपाच्या डब्याला. ब्रिटनमध्ये भारतातून दूध व दुग्धजन्य पदार्थ वैयक्तिक सामानातही नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप सारे त्यात आले. तेव्हा तेलावर भाजलेला रवा, पातळ पोहे, खाकरे, मेतकूट, सातूचे पीठ आणि लसणाविना केलेली शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली. शिवाय घट्ट झाकणाचे दोन स्टीलचे डबे. हे डबेच आमचे स्वयंपाकघर ठरले.

याचे कारण इंग्रजांचा चहा. तिथे साध्यातल्या साध्या निवासाच्या खोलीतही विजेची केटली बहुधा असतेच. उकळलेलेच पाणी पिणाऱ्या सासूबाईंची निम्मी काळजी त्या केटलीने पहिल्याच सकाळी मिटवली. डब्यात मीठ, जिरे, हिरवी मिरची घालून भाजलेला रवा घ्यायचा, वर कढत पाणी ओतून झाकण लावायचे आणि दहा मिनिटे टॉवेलात गुंडाळून ठेवायचे. उपमा तयार. त्याला निफाडच्या घरची चव येत नाही, हे मान्य. पण गरम असतो आणि पोट भरते.

दुकानांतली खरेदी हा मात्र अभ्यासाचा विषय आहे आणि तिथे घाई करू नये. तिकडच्या 'शाकाहारी' शिक्क्यात अंडे चालते. उलट 'व्हीगन' शिक्का असला की अंडे, जिलेटीन, किड्यांपासून काढलेला ई-१२० हा लाल रंग आणि मधसुद्धा एका फटक्यात बाद होतात. आपल्यासाठी मधाचे बाद होणे हा अनपेक्षित लाभच. नंतर उरतो कांदा-लसूण-बटाट्याचा शोध. कायद्याने चौदा ॲलर्जीकारक घटक यादीत ठळक करावे लागतात. त्यांत मोहरी आहे, सेलरी आहे, पण कांदा-लसूण नाहीत. म्हणून ठळक अक्षरांवर विसंबू नये, बारीक अक्षरांतली सगळी यादी वाचावी. चीज घेताना ते प्राण्यांच्या रेनेटवर केलेले नाही ना, हे पाहावे. इटलीचे अस्सल पार्मेझान त्याच कारणाने आपल्या कामाचे नाही. एवढी चाळणी लावूनही हाती बरेच उरते: डब्यातले छोले-राजमा, काकडी, टोमॅटो, ॲव्होकॅडो, सुका मेवा, फळे. आणि नुसत्या पाण्यात शिजवलेल्या छोल्यांचा डबा हा त्या महागड्या शहरातल्या सर्वांत स्वस्त जिनसांपैकी एक आहे.

रस्त्यावरच्या बाजारांत फळे भांड्यांत मांडून विकतात. फार काळ पौंडाला एक भांडे असा भाव असे, आता कुठे कुठे तो चढला आहे. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर गेलात तर कारली, तोंडली, गवार पाहून आपण नक्की कुठे आहोत असा प्रश्न पडावा. एकदाच बाहेर बसून जेवलो ते नीसडनच्या स्वामिनारायण मंदिराजवळच्या उपाहारगृहात. तिथे कांदा-लसूण नसतो. बटाट्याचे मात्र विचारून घ्यावे लागते.

दुपारचा डबा आम्ही टॅव्हिस्टॉक चौकातल्या बाकावर उघडत असू. तिथे १९६८ साली बसवलेला गांधीजींचा मांडी घातलेला पुतळा आहे. जागा योग्यच म्हणायची. १८८८ साली विलायतेस निघताना मांस-मदिरा व परस्त्री वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा त्यांनी बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर घेतली होती. ती पाळताना सुरुवातीचे दिवस अर्धपोटी गेले. मग फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले. पुढे खर्च आवरायला त्यांनी एक खोली नि एक स्टोव्ह घेतला आणि ओटची लापशी, कोको, पाव यांवर दिवसाला सव्वा शिलिंगात जेवण भागवले. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचा तो हिशेब मी सासूबाईंना सांगितला. त्या पुतळ्याकडे पाहत म्हणाल्या, "याच्याकडे केटली नव्हती का?"

एका दुकानात द्राक्षे दिसली. अर्ध्या किलोचे पनेट, त्यावर देशाचे नाव: इंडिया. गाव लिहिलेले नव्हते. पण भारताची बहुतेक निर्यात नाशिक जिल्ह्यातूनच होते, आणि असे पनेट भरणारे हात आम्ही रोज पाहतो. शीतगृहातून न्हावाशेवा, तिथून तीन-चार आठवड्यांचा समुद्रप्रवास. सासूबाईंनी मणी निरखला, देठाचा हिरवेपणा पाहिला, भाव विचारला, आणि मुलीने रुपयांत सांगितल्यावर काही वेळ बोलल्याच नाहीत. बांधावर शेतकऱ्याच्या हाती काय पडते ते त्यांना पाठ आहे. तरी एक पनेट घेतले. त्या दिवशीचे सर्वांत महाग जेवण तेच.

सूर्यास्ताची भीती अनाठायी ठरली. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास पुढे जातात. शनिवारी साडेसहाच्या सुमारास मावळलेला सूर्य रविवारी साडेसातला मावळला. "वेळ बदलला, सूर्य नाही," असे म्हणत सासूबाई आदल्या दिवसाइतकाच उजेड पाहून जेवायला बसल्या. जूनमध्ये तर तिथे रात्री नऊनंतरही ऊन असते.

मुलीचा पदवीदान समारंभ डिसेंबरात आहे. तेव्हा लंडनचा सूर्य चार वाजण्याआधीच मावळतो. सासूबाईंनी आतापासूनच ठरवले आहे: न्याहारी उशिरा, जेवण तीनला, आणि समारंभातल्या चहापानाला नुसता नमस्कार.