कुलूप नेमके कुणाला?

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)

ती. दादांस,

ई-पुस्तकांना डीआरएमचे (डिजिटल हक्क व्यवस्थापनाचे) कुलूप हवेच, हे प्रकाशक म्हणून तुमचे म्हणणे मला पटत नाही. पण खोडून काढण्याआधी ते नीट समजले आहे ना, हे पाहणे माझे कर्तव्य आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजाराच्या आसपासची. त्यातून लेखकाचे मानधन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ सगळे भागवायचे, आणि पुस्तक आले की त्याची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट फिरू लागते. हा तोटा खरा आहे आणि फुकट्या वाचकांची कड मी घेणार नाही. ई साहित्य प्रतिष्ठानसारखी संस्था पुस्तके मोफत वाटते, हा दाखलाही मी तुमच्यापुढे ठेवत नाही. तिथे लेखकाने आपणहून दिलेले असते, तुमचा धंदा वेगळा आहे.

माझा आक्षेप एवढाच, की हे कुलूप चोराला अडवत नाही. छापील प्रत स्कॅन करणाऱ्याला त्याची झळ लागत नाही, आणि पहिली मोकळी प्रत निघाली की पुढच्या हजार प्रतींना कुलूप उरतच नाही. अडकतो तो पैसे मोजणारा. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले हे कबूल, पण पुस्तके गेली. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची ‘1984’ ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याला प्रकाशनाचा हक्कच नव्हता, हे कारण रास्त होते. तरी घरात शिरून पुस्तक उचलण्याची सोय कुलपानेच करून दिली होती. नंतर कंपनीने माफी मागितली.

तुम्ही कॉपीराइट कायद्याकडे बोट दाखवाल. 2012 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 65अ मध्ये हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. यातला ‘हेतूने’ हा शब्द मोलाचा आहे. खासगी वाचनाची मुभा कायद्याने काढून घेतलेली नाही. शिवाय लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी त्याचे साहित्य सर्वांचे होते. त्या दिवशी ही कुलपे कोण उघडणार? आमच्या बदलापुरात श्याम जोशींनी ‘ग्रंथसखा’ वाचनालयात जुनी मराठी पुस्तके जमवली, जपली, ती कागदाचे पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकते म्हणून. कुलूपबंद फाईल अशी कुणाच्या हाती देता येत नाही. खातेदार गेला की तीही गेल्यातच जमा.

किंडलवर पुस्तक चढवताना कुलूप हवे का, हे प्रकाशकालाच विचारतात. तेव्हा पुढच्या एका पुस्तकाला तरी ‘नको’ म्हणा. तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विकाल तेव्हा हवे तर प्रत्येक पानावर खरेदीदाराचे नाव छापा. वर्षभराने विक्रीचे आकडे कळवा. ते माझ्या विरुद्ध गेले तर तेही लिहा; मी माझे मत बदलेन.

आपला,
धाकटा भाऊ