धातू आणि त्याचे भाषांतर

गडमुडशिंगीत संध्याकाळी गप्पांना बसले की विषय उसाच्या बिलावरून फौंड्रीवर येतोच. गोकुळ शिरगावच्या ओतकामात ज्यांची हयात गेली, त्यांना रसाचा रंग पाहूनच तो ओतायला झाला की नाही हे कळते. आम्ही पडलो साहित्याचे मास्तर. आमच्या लेखी धातू म्हणजे आधी क्रियापदाचे मूळ. तरीही गेले काही महिने एका निराळ्याच धातूने आम्हांस छळले आहे.

भौतिकीत त्याला ‘विचित्र धातू’ म्हणतात. तांब्याच्या साध्या तारेतील इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत असले, तरी लेव लान्दाऊ यांच्या १९५६च्या सिद्धान्तानुसार त्यांचा हिशेब सुट्या कणांसारखा मांडता येतो. कादंबरीत गर्दी असावी, पण प्रत्येक पात्राला नाव असावे, तसे. १९८६ साली ज्यांतील अतिवाहकता उघडकीस आली, त्या ताम्र-ऑक्साइडांत ही सोय कोसळते. अतिवाहकता सरल्यावर त्यांचा विद्युतरोध तापमानाच्या सरळ प्रमाणात चढत जातो आणि पात्रे ओळखू येत नाहीत. नुसती गर्दी उरते. यामागे पुंज-क्रांतिकता असावी, असा अनेकांचा कयास आहे. निरपेक्ष शून्यापाशी उष्णतेने नव्हे, तर दाब, चुंबकीय क्षेत्र वा घटकांचे प्रमाण बदलल्याने पदार्थ अवस्थांतराच्या उंबरठ्यावर येतो आणि त्या उंबरठ्याची अस्वस्थता बरीच वरपर्यंत जाणवत राहते. तेथील खळबळ शमण्याचा काळ जवळजवळ तापमानावरूनच ठरतो. खोलीच्या तापमानाला तो सेकंदाचा साधारण ४० लाख कोटीवा भाग भरतो.

ही गर्दी मोजायची कशी? १९९७ साली हुआन माल्दासेना यांनी असे मांडले, की गुरुत्वाकर्षण असलेले एक विश्व आणि त्याच्या सीमेवरचे, एक मिती कमी असलेले, गुरुत्वाकर्षणरहित विश्व ही एकाच वस्तूची दोन वर्णने असू शकतात. एका भाषेत परस्परक्रिया जितकी प्रबळ, तितके दुसरीत गणित सोपे. तापलेल्या पदार्थाच्या जागी तेथे कृष्णविवर येते. विद्युतरोध काढायचा, तर त्यात लहर सोडायची आणि किती गिळली जाते ते पाहायचे. हे शेजाऱ्यांना सांगितले तेव्हा त्यांनी ‘ब्लॅक होल’ऐवजी ‘ब्लो होल’ ऐकले आणि कळवळून म्हणाले, “सर, त्यानंच तर आमचा जॉब रिजेक्ट हुतोय!”

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही ही भाषा बोलली जाते. शिराज मिनवाला आणि सहकाऱ्यांनी २००७ साली गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांतून प्रवाही पदार्थांची समीकरणे काढून दाखवली. विद्युतभारित कृष्णविवराच्या नेहमीच्या नमुन्यात निरपेक्ष शून्यालाही एन्ट्रॉपी शिल्लक राहते, ही धातूच्या दृष्टीने अडचणच. संदीप त्रिवेदी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली अभ्यासलेल्या कृष्णविवरांत ती शून्यावर जाते.

आम्ही मात्र अडलो ते भाषांतराशी. भाषांतरात काही ना काही सांडतेच, हे वाक्य आम्ही वर्गात इतक्या वेळा उच्चारले आहे, की त्यावर आमची उपजीविका चालते म्हणावे. येथे तर काहीच सांडत नाही असा दावा! (अद्वैत वेदान्त मध्ये आणण्याचा मोह आम्ही आवरला, वाचकांनीही आवरावा.)

पण दाव्याला अट आहे. हे भाषांतर नेमके जमते ते आदर्श, गणिती प्रतिमानांत. प्रत्यक्ष ताम्र-ऑक्साइडाचे कृष्णविवर कोणते, हे कोणालाच ठाऊक नाही. फिलिप अँडरसन यांनी २०१३ साली ‘फिजिक्स टुडे’त याविषयी उघड साशंकता व्यक्त केली होती. त्यांची बाजू आम्हांस पटते: मूळ संहिताच हाती नसताना भाषांतर अचूक असल्याचे कोण ठरवणार? मग हे रूपकच म्हणायचे का? तसेही म्हणवत नाही. सुबीर सचदेव आणि जिनवू ये यांनी १९९३ साली मांडलेले प्रतिमान चुंबकीय पदार्थांच्या विचारातून आले होते. त्यात कृष्णविवर नव्हते. ते त्यात आहे हे सचदेव यांना २०१० साली दिसले. रूपक असे सतरा वर्षे वाट पाहत नाही.

२०२३ साली यटर्बियम, ऱ्होडियम व सिलिकॉन यांच्या विचित्र धातूच्या तारेत विजेचा ‘गोंगाट’ मोजला, तेव्हा तो सुट्या पात्रांच्या हिशेबापेक्षा बराच कमी भरला. गर्दी खरी आहे, इतके त्यातून दिसते. तिची दुसरी भाषा कोणती, ते नाही.

आमच्या टिपणवहीतील ते वाक्य आम्ही अद्याप खोडलेले नाही. समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह तेवढे काढले आहे.