मण्यारीचं विष आणि एक बँड

राळेगणसिद्धीत आमच्या घरी पावसाळ्यात कुणी जमिनीवर झोपत नाही. मण्यारीची धास्ती. काळी-निळसर, अंगावर पांढरे आडवे पट्टे. रात्री चावते, बहुतेकदा दुखतही नाही. पहाटे पापण्या जड होतात, मग श्वास अडकतो.

या सापाशी माझं कामातही नातं जडेल, असं वाटलं नव्हतं. पुण्यातल्या प्रयोगशाळेत मी मेंदूतला अल्फा-७ निकोटिनिक रिसेप्टर शोधत होते. आठवणींशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये तो भरपूर असतो. उंदराच्या मेंदूतली प्रथिनं जेलवर वेगळी केली, मेम्ब्रेनवर उतरवली (हाच ब्लॉट), दुधाच्या पावडरीत ब्लॉकिंग, रात्रभर ४ अंशांवर प्रायमरी अँटिबॉडी, सकाळी सेकंडरी. ५५ किलोडाल्टनच्या आसपास ठसठशीत बँड उमटला. अगदी हवा तिथेच.

शेजारच्या लेनमध्ये नॉकआउट उंदराचा नमुना होता. त्याचा तो जीनच निकामी केलेला, म्हणजे रिसेप्टर बनणंच शक्य नाही. तिथेही तोच बँड, तितकाच गडद. अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटत होती. मला संताप आला. या कामासाठी उंदरांचे जीव जातात. आणि अशा बँडच्या भरवशावर स्मृतिभ्रंशाच्या संशोधनात कितीजण आडवाटेला लागले असतील! या रिसेप्टरच्या बाजारातल्या अँटिबॉडींबद्दल २००७ साली मोझर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच दाखवलं होतं.

मग अल्फा-बंगारोटॉक्सिन मागवलं. मण्यारीच्याच कुळातल्या तैवानी सापाचं विष, १९६३ मध्ये चँग आणि ली यांनी वेगळं केलेलं. ते अल्फा-७ला घट्ट धरतं. हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांच्या मेंदूत ते चिकटत नाही, हे १९९७ मध्येच सिद्ध झालंय. चमकणारा रंग जोडलेलं ते विष मेंदूच्या पातळ कापांवर सोडलं. साध्या उंदराचा हिप्पोकॅम्पस उजळला. नॉकआउटचा काळाच राहिला.

सुट्टीत गावी हे सांगितलं, तर चुलते म्हणाले, "पण सापाची लस बी अँटिबॉडीच ना गं? ती कशी काय गुण देती?"

"नाना, ती घोड्याच्या रक्तातून काढतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांच्या विषावर चालणारं मिश्रण असतं ते. तिनं विषातलं जे सापडेल ते धरावं. माझ्या अँटिबॉडीनं एकच धरायचं, दुसऱ्याला हातसुद्धा लावायचा नाही."

"मग घेतानाच पारखून घ्यायची."

आता अँटिबॉडीची नवी बाटली आली की पहिला ब्लॉट नॉकआउटसकटच लावते.