पाल्याचे छप्पर, मातीची भिंत

कोल्हापूरच्या पूर्वेला, उजळाईवाडीच्या विमानतळाजवळ गडमुडशिंगी आहे. मे महिन्यात आम्ही तिथे आत्यांकडे गेलो. घरकुल मंजूर झाले होते आणि जुने घर पाडायचे ठरले होते. पाडण्याआधी हे घर उभे कसे राहिले, ते आम्ही आत्यांनाच विचारले.

आत्या सांगू लागल्या. आधी पाया खणून त्यात काळा दगड भरायचा. मातीत भुसकट घालून, पाणी सोडून पायांनी तुडवायची आणि मुरू द्यायची. भिंत एकदम उठत नाही. हातभर थर घालायचा, तो वाळला की दुसरा. जाडी दीड हात, म्हणून उन्हाळ्यात आत गारवा. आढे-वासे लाकडाचे, त्यांवर कळकाच्या कामट्या दोरीने आवळलेल्या आणि वर उसाचा पाला. तो वळचणीपासून आढ्याकडे शाकारत जायचे. मग वरच्या थराचे पाणी खालच्यावर पडून बाहेर जाते. मृगाआधी दरसाल हे काम ठरलेले.

“भित्त उन्हानं मरत न्हाई, पान्यानं मरती,” आत्या म्हणाल्या. “छप्पर गळलं की भित्त गेलीच समजा.”

दूर आयर्लंडमध्येही गरीब शेतकरी जाड भिंतींची, गवताने शाकारलेली घरे बांधत. पश्चिम किनाऱ्यावर समुद्री वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून त्यावर दोर टाकून टोकांना दगड बांधत. हाताशी जे असेल त्यातूनच माणूस निवारा उभा करतो.

१८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला. पुढे ती कौले आपल्याकडेही आली, पण त्यांना रोख पैसे लागत. पाला मात्र फडावरून डोक्यावर आणता येई. वाड्यांच्या भिंतींची माती आपल्या माणसांनी तुडवली, स्वतःच्या डोक्यावर मात्र पालाच राहिला. आत्यांच्या घरावर कौले चढली ती मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला लागल्यावर.

म्हणून जुन्या घराचे नुसते गोडवे आम्ही गाणार नाही. पाल्याला एक ठिणगी पुरे होई. २०१९ च्या पावसात तर आत्यांची मागची भिंत रात्रीतून बसली. सगळी पुढच्या सोप्यात निजली होती, म्हणून वाचली. पक्के घर हा आपला हक्कच आहे. पण स्लॅब उन्हात तापतो, हेही खरे. तेव्हा समोरासमोर खिडक्या ठेवा, पश्चिमेला झाड लावा आणि घर पाडण्याआधी म्हाताऱ्या माणसांना त्याची हकिकत विचारून घ्या.

आत्यांनी जुना एक वासा बाजूला काढून ठेवला आहे. नव्या घरात तो कुठे बसेल, हे गवंड्यालाही अजून सुचलेले नाही.